आधी आकाशाचा तुकडा: रस्त्यावर बसून शहर रेखाटायला कसं शिकावं

समोर एक जुनी इमारत असते आणि तिच्या वरच्या मजल्यावर एक सुरेख खिडकी असते. नवशिका माणूस वही उघडतो आणि डाव्या वरच्या कोपऱ्यात ती खिडकी काढायला घेतो. चौकट, चौकटीतले गज, गजांमागचा पडदा. मग शेजारची खिडकी, मग सज्जा. अर्ध्या तासानं लक्षात येतं की तळमजल्याला कागदावर जागाच उरलेली नाही, आणि ज्या रस्त्यासाठी तो तिथे बसला होता तो तर चित्रात येणारच नाही. माझ्या पहिल्या वहीतली निम्मी पानं अशी आहेत. हात वाईट नव्हता, रेघाही ठीक होत्या. चूक होती ती सुरुवात कुठून करायची यात.

यातून मी बाहेर आले ती एका सवयीमुळे: इमारती काढण्याआधी त्यांच्यामधलं आकाश काढायचं. या लेखात बाकी बरंच काही आहे, पण सगळं या एका सवयीभोवती फिरतं.

सामान

थोडक्यात आटोपते, कारण सामान जमवण्यातच लोकांचे महिने जातात.

वही ए५ आकाराची, म्हणजे साधारण १५ बाय २१ सेंटिमीटर, आणि पुठ्ठा जाड असलेली घ्या, म्हणजे मांडीवर किंवा उभ्यानं हातावर धरून काढता येतं. नुसत्या पेनासाठी कुठलाही गुळगुळीत कागद चालतो. हलका रंग लावायचा असेल तर कागद २०० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आसपास हवा, आणि भरपूर पाणी वापरून जलरंग करायचे असतील तर ३०० जीएसएम. त्याहून पातळ कागद ओला झाला की वर-खाली होतो आणि रंग खळग्यांत साचतो.

एक २बी पेन्सिल आणि एक वॉटरप्रूफ शाईचं पेन, टोक ०.३ किंवा ०.५ मिलिमीटर. पेनाची शाई खरंच पाण्यात टिकते का हे घरीच तपासा: चार रेघा मारा, मिनिटभर थांबा, वरून ओला ब्रश फिरवा. पसरली तर ते पेन रंगकामाला घेऊ नका. फाउंटन पेन वापरणार असाल तर त्यात शेलॅक (लाख) असलेली इंडियन इंक कधीही भरू नका, ती आत वाळून पेन कायमचं बंद पडतं. फाउंटन पेनासाठी बनवलेली पिगमेंट शाई वेगळी मिळते.

रंग तीन पुरेत: अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि यलो ऑकर (मातकट पिवळा). पहिले दोन मिसळले की शहराला लागणारे जवळपास सगळे करडे मिळतात. निळा जास्त घातला तर थंड सावली, तांबूस जास्त घातला तर उन्हात तापलेली भिंत. दांडीत पाणी भरता येणारा वॉटर ब्रश, एक जुनं फडकं, पानं उडू नयेत म्हणून दोन क्लिपा. बस्स. खोडरबर मी मुद्दाम सांगत नाही. तो हाताशी असला की हात तिकडेच वळतो.

जागा आणि वेळ

पाठीमागे भिंत किंवा झाड असेल अशी जागा शोधा. कुणी मागून येऊन डोकावत नाही, धक्का लागत नाही आणि मन शांत राहतं. फुटपाथची वाट, दुकानाचं तोंड, जिन्याच्या पायऱ्या अडवायच्या नाहीत. सरकारी कार्यालयं, स्टेशनं, बंदोबस्ताच्या जागा इथे आधी विचारलेलं बरं, आणि उठायला सांगितलं तर वाद न घालता उठायचं.

तुम्ही आणि तुमची वही दोन्ही सावलीत हवेत. पांढऱ्या कागदावर थेट ऊन पडलं की डोळे दिपतात, छटांचा अंदाज चुकतो आणि घरी आल्यावर चित्र भलतंच दिसतं. दृश्य मात्र उन्हात असू द्या. सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर ऊन तिरपं असतं, इमारतीची एक बाजू उजळ आणि दुसरी गडद असते, तेव्हा तिचा घनपणा आपोआप दिसतो. भर दुपारी सगळंच सपाट होतं. नवशिक्यानं त्या वेळी घरात थांबावं असं माझं मत आहे.

पहिल्या काही वेळा अरुंद रस्ता निवडा, दोन्ही बाजूंना इमारती असलेला. मोठा मोकळा चौक दिसायला भव्य वाटतो, पण तिथे नजर कुठे ठेवायची हेच कळत नाही. अरुंद रस्ता नजरेला आपोआप आत नेतो.

पेन्सिल टेकवण्याआधी

पहिली पाच मिनिटं काहीही काढायचं नाही. नुसतं बसायचं आणि स्वतःला विचारायचं: मी इथे का थांबले? उत्तर एका वाक्यात आलं पाहिजे. ‘त्या गल्लीच्या तोंडाशी उन्हाचा पट्टा पडलाय म्हणून.’ ‘ते झाड इमारतीपेक्षा उंच झालंय म्हणून.’ उत्तर ‘सगळंच छान आहे’ असं आलं, तर अजून बघायचं बाकी आहे.

मग पानाच्या कोपऱ्यात किंवा वेगळ्या कागदावर काडेपेटीएवढ्या तीन चौकटी काढा. एक उभी, एक आडवी, एक चौरस. प्रत्येकीत तेच दृश्य, मिनिटभरात, फक्त तीन छटांत: कोरा कागद, मधला करडा, गडद. डोळे किलकिले केले की तपशील विरतात आणि या तीन छटा वेगळ्या दिसू लागतात. खिडक्या नाहीत, माणसं नाहीत, नुसते डाग. तिन्हींपैकी ज्या चौकटीत तुमचं ते एक वाक्य सगळ्यात ठळक दिसेल, ती मोठी करायची. हा टप्पा कंटाळवाणा वाटतो म्हणून बहुतेक जण गाळतात, आणि मग तासभर राबून चुकीचा आडवा कागद भरतात.

आकाशाचा तुकडा

रस्त्याच्या तोंडाशी बसलं की दोन्हीकडच्या इमारतींची छतं, झाडांचे शेंडे आणि टाक्या यांच्यामध्ये आकाशाचा एक तुकडा उरतो. वर रुंद, खाली निमुळता, कडा खाचाखोचांच्या. या तुकड्याला नाव नाही, आणि त्यातच त्याचा उपयोग आहे. खिडकी म्हटलं की डोक्यात तयार असलेली खिडकी हातातून उतरते, घर म्हटलं की शाळेत काढलेलं घर. आकाशाचा हा आकार मात्र आधी कधीच पाहिलेला नसतो, त्यामुळे तो बघूनच काढावा लागतो. आणि त्याची कड म्हणजेच इमारतींची वरची कड. एक आकार बरोबर आला की दोन्ही बाजू आपोआप जागेवर बसतात.

कसं करायचं ते एका उदाहरणानं सांगते. समजा, डावीकडे उंच इमारत आहे, तिचा दर्शनी भाग तुमच्याकडे आणि लांब बाजू रस्त्याच्या कडेनं आत गेलेली. उजवीकडे बैठं दुकान, त्यामागे झाड. दूर रस्ता वळतो तिथे छतांची एक ओळ.

हात पूर्ण ताणा, कोपर वाकवू नका, एक डोळा मिटा. पेन्सिल उभी धरा, पुढे-मागे कलू न देता. पेन्सिलीचं टोक दुकानाच्या दाराच्या वरच्या कडेला लावा आणि अंगठा दाराच्या तळाशी सरकवा. हे झालं तुमचं माप: एक दार. आता हेच माप बाकीच्या दृश्यावर फिरवा. डाव्या इमारतीचा जवळचा कोपरा साडेपाच दारं उंच. दूरच्या छतांची ओळ दाराच्या तळापासून दीड दार वर. दाराच्या खाली पुढचा रस्ता एक दार घ्यायचा आणि इमारतीच्या वर अर्धं दार मोकळं सोडायचं. एकूण सात दारं. उभ्या ए५ कागदाची उंची २१ सेंटिमीटर, म्हणजे कागदावर एक दार ३ सेंटिमीटरचं झालं.

इथे सगळा घोळ सुटतो. दाराचा तळ खालून ३ सेंटिमीटरवर, इमारतीचा माथा वरून दीड सेंटिमीटरवर, दूरच्या छतांची ओळ खालून साडेसात सेंटिमीटरवर. आता आडवं माप: इमारतीच्या कोपऱ्यापासून तुमच्या चौकटीच्या उजव्या कडेपर्यंत आकाश तीन दारं रुंद, म्हणजे ९ सेंटिमीटर. डाव्या बाजूला उरलेले सहाएक सेंटिमीटर इमारतीच्या दर्शनी भागाचे. हे सगळे बिंदू फिकट पेन्सिलीनं टिंब करून ठेवा.

मग टिंबांमधून आकाशाची कड काढा. इमारतीच्या माथ्यापासून सुरू करा, छताच्या तिरप्या रेघेनं खाली या, मध्ये टाकी असेल तर तिला वळसा घाला, दूरच्या छतांवरून आडवे जा, झाडाच्या शेंड्यांवर चढा, कागदाच्या कडेला पोचा. पेन्सिल शक्यतो उचलू नका. तिरप्या रेघेचा कोन कळत नसेल तर पेन्सिल हवेतच त्या रेघेवर आडवी धरा आणि तो कोन घड्याळाच्या काट्यासारखा वाचा. ‘चार वाजताचा तास काटा’ असं मनात म्हणून तसाच कागदावर उतरवा. आपण छतांच्या रेघा नेहमी आडव्याच्या जवळ आणतो, कारण छत सपाट असतं हे आपल्याला ठाऊक असतं. काटा वाचला की ही ओढ थांबते.

कड पूर्ण झाली की वही हातभर लांब धरा आणि फक्त त्या मोकळ्या तुकड्याकडे बघा. समोरच्या आकाशाशी तो जुळतो का? लांबट झाला, बुटका झाला, टोक जास्त डावीकडे गेलं, हे या घडीला एका नजरेत कळतं आणि दोन रेघांत सुधारतं. पन्नास खिडक्या काढून झाल्यावर कळलं असतं तर काही करता आलं नसतं. सगळ्या चित्रातली सगळ्यात मोलाची पाच मिनिटं ही आहेत.

डोळ्यांची पातळी

आता फिकट आडवी रेघ मारायची, तुमच्या डोळ्यांच्या पातळीची. ती कुठे येते हे शोधायला वही मिटून डोळ्यांसमोर आडवी, सपाट धरा. वहीचा वरचा पुठ्ठा दिसत असेल तर ती खाली आहे, खालचा दिसत असेल तर वर. दोन्ही दिसेनासे होऊन नुसती कड उरते, ती कड समोरच्या दृश्याला जिथे छेदते तिथे तुमची क्षितिजरेषा. ठेंगण्या स्टुलावर बसला असाल तर ती दुकानाच्या दाराच्या मध्यावर येते, आपल्या उदाहरणात कागदाच्या तळापासून साधारण साडेचार सेंटिमीटरवर.

या रेषेच्या वरच्या, रस्त्याबरोबर आत जाणाऱ्या रेघा उतरत तिच्याकडे येतात: छतं, सज्जे, पाट्यांच्या कडा. खालच्या चढत येतात: फुटपाथची कड, पायऱ्या. रस्ता सरळ असेल तर सगळ्या एकाच बिंदूपाशी मिळतात. कोपऱ्यावरची इमारत असेल तर तिच्या दोन बाजूंचे दोन बिंदू असतात आणि त्यातला एक तरी बहुधा कागदाच्या बाहेर पडतो. तो शोधत बसू नका. वरचं छत आणि खालचा फुटपाथ यांचे कोन काट्यासारखे वाचून काढा, मधल्या मजल्यांच्या रेघा त्या दोघींच्या मध्ये पंख्याच्या काड्यांसारख्या वाटून द्या. उभ्या रेघा उभ्याच ठेवा. चढ असलेल्या रस्त्याचा नियम मात्र वेगळा: त्याच्या कडा क्षितिजरेषेच्या वर मिळतात, उताराच्या खाली, आणि त्याच रस्त्यावरच्या खिडक्यांच्या कडा मात्र क्षितिजरेषेवरच. चढाचा रस्ता चित्रात सपाट दिसतो तो ही गोष्ट सुटल्यामुळे.

पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्की या वास्तुकारानं रेघा अशा एका बिंदूपाशी मिळतात हीच गोष्ट लोकांना दाखवण्यासाठी एक फळी रंगवली होती. कॅथेड्रलच्या दारातून दिसणारी समोरची बाप्तिस्तेरीची (बाप्तिस्मा देण्याची) इमारत तिच्यावर होती. फळीला भोक होतं. मागून भोकाला डोळा लावायचा, समोर आरसा धरायचा आणि आरशात चित्र बघायचं. त्याचा चरित्रकार मानेत्ती सांगतो की फळीवर आकाशाच्या जागी त्यानं रंग दिलाच नाही, घासून चकचकीत केलेली चांदी लावली, म्हणजे खऱ्या आकाशाचं, वाऱ्यानं सरकणाऱ्या ढगांचं प्रतिबिंब तिथे दिसावं. मला हा तपशील फार आवडतो. इमारती मोजून मापून काढायच्या आणि आकाश खऱ्याखुऱ्यासाठी मोकळं सोडायचं.

माणसं

माणसं शेवटी घालायची नाहीत. शेवटी घातली की ती भिंतीवर चिकटवल्यासारखी दिसतात. क्षितिजरेषा आखून झाली की लगेच दोन-तीन माणसांच्या जागा फिकट टिंबांनी धरून ठेवा.

नियम एकच लक्षात ठेवला तरी गर्दी जमते: सपाट रस्त्यावर क्षितिजरेषा साधारण सारख्या उंचीच्या सगळ्या माणसांना शरीराच्या एकाच ठिकाणी छेदते. तुम्ही उभे असाल तर सगळ्यांची डोकी त्या रेषेच्या आसपास येतात, जवळच्याचीही आणि दूरच्याचीही. फरक पडतो तो पायांत: जवळच्याचे पाय कागदावर खूप खाली, दूरच्याचे रेषेच्या जवळ. तुम्ही ठेंगण्या स्टुलावर बसला असाल तर रेषा सगळ्यांच्या कमरेपाशी येते. आठ-दहा ठिकाणी रेषेवर कमरा टेकवा, वर-खाली सारख्या प्रमाणात अंग वाढवा, आणि रस्ता एकदम खोल होतो. तुम्ही उभे असाल तर लहान मुलं अर्थात रेषेच्या खालीच राहतील.

चालणारा माणूस थांबत नाही, पण चालणं ही ठरावीक ठेक्यात परत परत येणारी गोष्ट आहे. तेच पाऊल, तोच हात पुन्हा येतो. एका माणसाचं डोकं आणि खांदे घ्या, तो गेला तर मागून येणाऱ्याचे पाय घ्या. उभा प्रौढ माणूस डोक्याच्या साधारण साडेसात पट उंच असतो. नवशिके डोकं हमखास मोठं काढतात, म्हणून ते मनाला पटतं त्याहून थोडं लहानच काढा. आधी एक छोटं अंडं, त्याखाली खांद्यांची तिरपी रेघ, धड खाली निमुळतं होत जाणारं. ज्या पायावर भार आहे तो डोक्याच्या थेट खाली येतो. पावलं काढायचीच नाहीत, पाय खाली टोकदार सोडून द्या. नाक-डोळे तर मुळीच नाहीत. रांगेत उभी असलेली, बाकावर बसलेली, फोनवर बोलणारी माणसं सरावाला उत्तम, ती बराच वेळ तशीच असतात.

एक गोष्ट मी कटाक्षानं पाळते. रस्त्यावर झोपलेला, आजारी किंवा रडणारा माणूस समोर असेल तर तो ओळखू येईल असं त्याला न विचारता काढत नाही.

बाकीचा पसारा

उभी गाडी कधीही निघून जाते, म्हणून तिची बाह्यरेषा आधी एका दमात पूर्ण करा, काचा-दिवे नंतर. साधी मोटार उभ्या माणसाच्या खांद्याच्या आसपास संपते. गाड्या घरांएवढ्या होऊ नयेत म्हणून शेजारी एक माणूस उभा करून बघा. तिरपी उभी असलेल्या गाडीची चाकं गोल नसतात, लंबगोल असतात.

झाड म्हणजे पानं नाहीत. झाडालाही आकाशासारखीच कड आहे, आणि मध्ये आकाशाची भोकं आहेत. कड आणि भोकं काढली की झाड झालं. पाट्यांवरची अक्षरं वाचून लिहायला जाऊ नका. अक्षरांचा पट्टा किती उंच, किती लांब, किती गडद एवढं बघा, एखादं मोठं अक्षर नीट, बाकी ठोके. खिडक्यांचंही तेच: तुमच्या नजरेच्या जागी तीन-चार नीट, पुढे फक्त त्यांच्या वरच्या कडेची सावली. दिवसा बाहेरून खिडकीची काच बहुधा भिंतीपेक्षा गडद दिसते हे विसरू नका.

विजेच्या तारा अगदी शेवटी, पेन उचलून-टेकवून, तुटक. अखंड ठळक तारेनं मी एक चांगलं पान आडवं कापलेलं आहे.

शाई

पेन्सिलीचे बिंदू आणि आकाशाची कड असली की थेट पेन घ्या, सगळं पेन्सिलीत पूर्ण करून त्यावर गिरवू नका. गिरवलेली रेघ मेलेली असते. पेन सगळ्यात जवळच्या वस्तूपासून सुरू करा, कारण जवळची वस्तू मागचीला झाकते आणि मग कुठे थांबायचं ते आपोआप कळतं. जवळ ठळक रेघ, दूर बारीक आणि तुटक. उन्हातली कड तोडून द्या, सावलीतली जोडा. रेघ चुकली तर शेजारी दुसरी, बरोबर रेघ मारा आणि पुढे चला. दोन्ही राहू द्या.

सावली आणि रंग

सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो. दीड तास बसलात तर सुरुवातीची आणि शेवटची सावली एकमेकींशी जुळणार नाही. म्हणून बसल्या बसल्या सावलीची दिशा बाणानं पानाच्या कडेला आखून ठेवा आणि पडलेल्या सावल्यांच्या कडाही फिकट पेन्सिलीनं धरा. नंतर समोर काहीही होवो, त्याच पाळा. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने रूआँ शहरातल्या कॅथेड्रलची चित्रं करत होता तेव्हा उजेड बदलला की तो कॅनव्हास बदलायचा. १८९२ आणि १८९३ मध्ये सुरू केलेल्या त्या मालिकेत ३० हून अधिक चित्रं आहेत. आपल्याजवळ एकच पान असतं, म्हणून एकच क्षण धरायचा.

रंग फिकटाकडून गडदाकडे. आधी उन्हातल्या भिंतींवर यलो ऑकरचा अगदी पातळ हात, कुठेकुठे कागद कोरा सोडून. तो पूर्ण वाळू द्या, बोटाची मागची बाजू लावून थंड लागत नाही ना बघा. मग अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचा करडा भरपूर प्रमाणात एकदम कालवा, मध्येच संपला तर तोच रंग पुन्हा जमत नाही. आणि सगळी सावली एकाच दमात: इमारतीची अंधारी बाजू, तिथून तशीच खाली रस्त्यावर पडलेली सावली, तिथून गाडीच्या पोटाखाली. वेगवेगळ्या वस्तूंच्या सावल्या एकमेकींना जोडून एक मोठा आकार होऊ द्या. ओला असतो त्यापेक्षा जलरंग वाळल्यावर फिकट होतो, म्हणून मनाला वाटतं त्याहून एक पायरी गडद लावा. शेवटी चार-पाच ठिकाणी अगदी गडद ठोके: दुकानाच्या आतला अंधार, सज्जाच्या खालची फट.

आकाशाला बऱ्याचदा मी रंग देतच नाही. कोरा कागद हे शहरातलं चांगलं आकाश असतं.

काय गाळायचं

गॅब्रिएल कांपानारियो या सिएटलच्या पत्रकार-चित्रकारानं २००७ मध्ये फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळावर एक गट सुरू केला. त्यातूनच ‘अर्बन स्केचर्स’ ही आज जगभर पसरलेली चळवळ उभी राहिली. त्यांच्या जाहीरनाम्यातल्या दोन गोष्टी अशा: जागेवर बसून, प्रत्यक्ष बघून काढायचं, आणि पाहिलेल्या दृश्याशी प्रामाणिक राहायचं. नवे लोक विचारतात, मग खांब गाळला, गाडी सरकवली तर ते अप्रामाणिक का? माझं उत्तर असं: गाळणं चालतं, घालणं नाही. दहा खांबांपैकी दोन घेतले तर ती तुमची निवड. तिथे नसलेलं झाड रिकामी जागा भरायला लावलं तर ते दुसऱ्याच कुठल्या तरी शहराचं चित्र झालं. आणि आकाशाची कड बदलेल असं काही गाळायचं नाही. टाकी, अँटेना, अर्धवट बांधकाम कुरूप वाटलं तरी ठेवा. जागेची ओळख त्या कडेत असते.

फोटो काढून घरी पूर्ण करण्याच्या मी विरुद्ध आहे. फोनची नेहमीची लेन्स बऱ्यापैकी वाइड असते, ती दूरच्या गोष्टी लहान करते आणि रस्ता आहे त्याहून लांब दाखवते. तुम्ही जी इमारत उंच वाटली म्हणून थांबलात ती फोटोत बुटकी होते. अर्धवट राहिलं तर अर्धवट राहू द्या, जिथे रेघ थांबली तिथे वेळ लिहा.

लोक बघतात तेव्हा

बघतात, आणि पहिल्या पाच-सहा वेळा त्याचंच ओझं जास्त असतं. कुणी जवळ आलं तर वही झाकू नका, झाकली की उत्सुकता वाढते. हसून दाखवा, ‘अजून व्हायचंय’ म्हणा आणि पुन्हा खाली बघा. बरेचदा तीच माणसं त्या इमारतीबद्दल असं काही सांगून जातात की ते पानाच्या कडेला लिहून ठेवावंसं वाटतं. लिहून ठेवाच. तारीख, वेळ, हवा, कानावर आलेलं एखादं वाक्य.

पहिला महिना

पहिला आठवडा फक्त आकाशाचे तुकडे. रोज पाच मिनिटं, कुठल्याही खिडकीतून, बस थांब्यावरून. एका पानावर सहा. आत काही भरायचं नाही. दुसऱ्या आठवड्यात एकाच जागी बसून एका क्षितिजरेषेवर वीस माणसं, तीन दिवस, प्रत्येक माणसाला अर्धं मिनिट. तिसऱ्या आठवड्यात आकाश, क्षितिजरेषा, माणसांच्या जागा आणि पेन, सगळं मिळून वीस मिनिटं, रंग नाही. चौथ्यात रंगासह पूर्ण पान, चाळीस मिनिटांत. घड्याळ लावा आणि वाजलं की उठा. वेळ अपुरा असला की हात महत्त्वाच्या गोष्टींकडे आधी जातो.

महिना झाला की पहिल्या दिवशी जिथे बसला होता तिथेच परत जा, त्याच वेळेला. जुनं पान उघडू नका. नवं पूर्ण करा आणि मग दोन्ही शेजारी ठेवून फक्त आकाशाचे दोन तुकडे तपासा: कुठलं टोक सरकलं, कुठली उंची कमी पडली. फरक लाल पेन्सिलीनं जुन्या पानावर खुणा करून ठेवा. मी हे केलं तेव्हा दिसलं की माझी डावी बाजू दर वेळी अर्धा सेंटिमीटर बुटकी येते. तेव्हापासून डावीकडचं माप मी दोनदा घेते.